संकर कोणासाठी? बेंगळुरूच्या श्वानबाजाराच्या निमित्ताने

मार्च २०२५ मध्ये बेंगळुरूहून निघालेली एक बातमी देशभरच्या वृत्तपत्रांनी व वाहिन्यांनी मोठ्या उत्साहाने प्रसृत केली. शहरातील एका पैदासकाराने लांडगा आणि कॉकेशियन शेफर्ड यांच्या संकरातून जन्मलेला कुत्रा ५० कोटी रुपयांना विकत घेतला, असे त्या बातमीत म्हटले होते. एप्रिल महिन्यात सक्तवसुली संचालनालयाचे अधिकारी चौकशीसाठी गेले आणि हा दावा खोटा असल्याचे त्यांच्या प्राथमिक तपासात निष्पन्न झाले. त्यानंतर प्रकरणाची थोडीफार चेष्टा झाली आणि ते विस्मरणात गेले.

वस्तुतः विचार करावयाचा तो यानंतरच. एका कुत्र्याला ५० कोटी रुपये पडले, ही बातमी कोणालाही अशक्य का वाटली नाही? जो श्वानबाजार गेल्या दोन-तीन दशकांत बेंगळुरूसारख्या महानगरांत उभा राहिला, त्याने अशा किमतींवर विश्वास ठेवण्याची सवय आधीच लावून ठेवली होती, हे त्याचे उत्तर आहे. लॅब्राडूडल, कॉकापू, माल्टिपू अशा जोडनावांची पिल्ले तेथे फोनवरील छायाचित्रे दाखवून विकली जातात. दोन जातींचा संकर, दोन नावांची संधी आणि नावीन्याची किंमत, असे या मालाचे स्वरूप आहे. त्याला 'डिझायनर' कुत्रे हे नाव पडले आहे, आणि ते यथार्थ आहे. कारण कपड्याप्रमाणे येथेही रंग, आकार व पोत गिऱ्हाइकाच्या आवडीनुसार बेतला जातो.

या कुत्र्यांविषयी दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, संकरित कुत्रा निरोगी, शांत स्वभावाचा व केस न गळणारा असतो. शुद्ध जातींच्या रोगट परंपरेवर हाच उपाय आहे. दुसरा तट म्हणतो, हा शुद्ध जातींचा सत्यानाश असून असे कुत्रे पैदा करणारे व विकत घेणारे दोघेही दोषी आहेत. दोन्ही तटांच्या म्हणण्याची तपासणी केल्याशिवाय या वादाचे मर्म हाती लागणार नाही.

या मालाचा जन्मच मुळी उद्‌बोधक आहे. १९८९ साली ऑस्ट्रेलियातील अंधांना मार्गदर्शक कुत्रे पुरविणाऱ्या संस्थेकडे हवाई बेटांतील एका अंध महिलेची मागणी आली. तिच्या पतीला कुत्र्यांच्या केसांची ॲलर्जी होती. संस्थेतील पैदासप्रमुख वॉली कॉनरॉन यांनी लॅब्राडॉर व पूडल यांचा संकर घडविला. तीन पिल्ले झाली; त्यांच्या केसांचे व लाळेचे नमुने पाठविण्यात आले आणि तिघांपैकी एकच पिल्लू त्या गृहस्थांना चालले. उरलेली दोन पिल्ले सांभाळून वाढविण्यास प्रतीक्षायादीतील कुटुंबे तयार होईनात. संकरित पिल्लू कोणालाच नको होते. तेव्हा कॉनरॉन यांनी त्यांना 'लॅब्राडूडल' असे नाव दिले आणि संस्थेच्या प्रसिद्धी विभागाने एका नव्या प्रकारच्या कुत्र्याची घोषणा केली. तत्काळ मागणीचा ओघ सुरू झाला. पिल्ले तीच होती. बदलले होते ते केवळ नाव. पुढे जगभर पैदासकारांनी या नावावर जो धंदा मांडला तो पाहून खुद्द कॉनरॉन यांनी आपल्या कृतीबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

या हकिगतीतच बाजाराचा सारा धडा सामावलेला आहे. संकर घडविला गेला एका माणसाच्या गरजेसाठी. ती गरज तीनपैकी एकाच पिल्लाने भागविली. परंतु बाजाराने उचलले ते हे वास्तव नव्हे. त्याने उचलले नाव. तिघांपैकी एकाला लागू पडलेला गुण त्या नावाच्या प्रत्येक पिल्लावर चिकटविण्यात आला. ॲलर्जी न होणारा कुत्रा म्हणून ज्या जातींची व संकरांची जाहिरात होते, त्यांच्या घरांतील हवेत व धुळीत ॲलर्जीकारक प्रथिनाचे प्रमाण इतर कुत्र्यांच्या घरांहून कमी आढळत नाही, असे अमेरिकेत २०११ मध्ये व नेदरलँड्समध्ये २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवून दिले. तरीही जाहिराती थांबल्या नाहीत.

आरोग्याविषयीचा दावाही असाच तपासून घेतला पाहिजे. दोन भिन्न वंशांच्या संकरातून पहिल्या पिढीत जो जोम दिसतो तो काल्पनिक नाही. संकरित ज्वारी किंवा कापूस लावलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला तो ठाऊक आहे. परंतु त्याच शेतकऱ्याला हेही ठाऊक असते की, संकरित पिकाचे बी राखून पुढच्या वर्षी पेरले तर तोच गुण येत नाही. कुत्र्यांचेही तसेच. शिवाय दोन्ही जातींत एकच व्यंग असेल, तर संकराने ते नाहीसे होत नाही. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२४ मध्ये ९,४०२ कुत्र्यांची तुलना करून असा निष्कर्ष काढला की, कॉकापू, लॅब्राडूडल व कॅव्हापू हे संकर आणि त्यांच्या मूळ जाती यांच्यात बहुतेक सर्व आजारांच्या बाबतीत लक्षणीय फरक नाही. म्हणजे संकरित कुत्रा अधिक निरोगी असतो हे खरे नाही, आणि अधिक रोगट असतो हेही खरे नाही.

आता दुसऱ्या तटाकडे वळावे. शुद्ध जातींचा अभिमान बाळगणाऱ्यांना आपल्या जाती अनादि वाटतात. प्रत्यक्षात आजच्या बहुतेक युरोपीय जातींचे बंदिस्त स्वरूप व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमध्ये निश्चित झाले. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला, वंशावळीच्या नोंदवह्या सुरू झाल्या आणि पुढे त्या बंद करण्यात आल्या. नोंदवहीबाहेरच्या कुत्र्याला आत प्रवेश उरला नाही. प्रदर्शनात बक्षीस मिळविणाऱ्या मोजक्या नरांपासून पिढ्यान्‌पिढ्या पैदास झाली आणि नात्यातल्या नात्यात व्यंगे साठत गेली. चपट्या नाकामुळे श्वास घेताना धापा टाकणारा पग हे त्याचे ठळक उदाहरण.

डाल्मेशियन जातीची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. या संपूर्ण जातीत यूरिक आम्लाचा दोष पसरला होता व त्यामुळे मूतखडे होत. १९७३ साली अमेरिकेतील एका आनुवंशशास्त्रज्ञाने डाल्मेशियनचा पॉइंटर जातीशी एकदाच संकर केला आणि नंतरच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोडल्या. कुत्रे दिसायला हुबेहूब डाल्मेशियन झाले आणि दोष गेला. तरीही या निरोगी वंशाला अमेरिकन केनेल क्लबची कायम मान्यता मिळण्यास २०११ साल उजाडले. जवळजवळ चार दशके शुद्धतेच्या नावाखाली रोग राखून ठेवण्यात आला. तेव्हा संकर म्हणजे भ्रष्टता, हा पक्ष विज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही.

मराठी वाचकाने येथे आपल्या भाषेकडेही क्षणभर पाहावे. कुत्र्याच्या वंशाला मराठीत 'जात' म्हणतात. वंशावळ असलेल्या कुत्र्याला 'जातिवंत' म्हणतात. रस्त्यावरच्या कुत्र्याला 'गावठी' म्हणतात. आणि 'संकर' या शब्दाला तर 'वर्णसंकर' या भीतीचा शतकानुशतकांचा वास आहे. विकत घेतलेल्या कुत्र्याची वंशावळ अभिमानाने सांगणे आणि दारातल्या कुत्र्याला दगड मारणे, हे एकाच मनोवृत्तीचे दोन आविष्कार आहेत. जातिव्यवस्थेला वंशशुद्धीचा शास्त्रीय आधार असल्याचा दावा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या विख्यात प्रबंधात खोडून काढला होता. तो प्रबंध माणसांविषयी होता, आणि माणसांचे प्रश्न कुत्र्यांच्या प्रश्नांशी एका मापाने मोजता येणार नाहीत हे उघड आहे. परंतु शुद्धतेची जी कल्पना माणसांच्या बाबतीत मोडीत काढली पाहिजे असे आपण म्हणतो, ती दिवाणखान्यात पट्टा बांधून हिंडताना दिसली तर तिचे कौतुक करण्याचे कारण नाही. गंमत अशी की, डिझायनर संकराने ही कल्पना मोडली नाही. काल 'जातिवंत' विकले जात होते, आज 'संकरित' विकले जाते. गावठी कुत्रा दोन्ही व्यवहारांत बाहेरच राहिला.

संकर मुळातच त्याज्य असता, तर या देशातील शेती व पशुपालन यांचा निम्मा इतिहास पुसावा लागला असता. कर्नाटकातच, धारवाड येथे, 'वरलक्ष्मी' हा संकरित कापूस १९७० च्या दशकाच्या आरंभी तयार झाला. पुण्याजवळ उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने संकरित गाय लहान शेतकऱ्याच्या गोठ्यात नेली. या प्रयोगांवर टीकाही झाली, आणि ती सर्वच अनाठायी नव्हती: संकरित गाईला उष्णता सोसत नाही, खुराक अधिक लागतो, तिच्या गोऱ्ह्याला शेतात काम नाही. परंतु त्या संकरांमागे एक सांगता येण्याजोगी सामाजिक गरज होती, नोंदी होत्या, पशुवैद्यकांची यंत्रणा होती आणि चूक झाली तर जाब विचारण्यास जागा होती. डिझायनर कुत्र्याच्या बाजारात यांपैकी काय आहे?

बाजाराची रीत पाहिली म्हणजे उत्तर मिळते. गिऱ्हाईक पिल्लू पाहते. त्या पिल्लाची आई त्याला दाखविली जात नाही. या उद्योगाचे उत्पादनसाधन म्हणजे ती मादी. ती जितक्या लवकर व जितक्या वेळा विईल तितका नफा अधिक. पिल्लू आईपासून जितक्या लवकर तोडावे तितका खर्च कमी, आणि लहान पिल्लू अधिक गोजिरवाणे दिसते म्हणून किंमतही जास्त. दूध तुटलेले, लस न टोचलेले पिल्लू घरी येऊन आजारी पडले, तर तो ज्याचा त्याचा नशिबाचा भाग. संकर घडविण्यापूर्वी नर-मादीच्या आनुवंशिक दोषांची चाचणी करावयाची, तर तो खर्च विक्रीच्या किमतीत दिसत नाही. म्हणून तो टाळण्याकडेच कल राहतो. पिंजरे धुणारा, मलमूत्र काढणारा, चावे सोसणारा मजूर या साऱ्या चर्चेत कोठेच नसतो. आणि मोठ्या घरांत तीच गत: कुत्रा मालकाचा, परंतु त्याला पहाटे फिरविणे, न्हाऊ घालणे हे काम पगारी हातांचे.

मागणी आपोआप उगवत नाही, ती उगविली जाते. २००३ साली 'हच' या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे जाणारा पग झळकला आणि देशभर पगला मागणी आली. कंपनीचे नाव बदलले, जाहिरात थांबली, पण त्या लाटेत जन्मलेले कुत्रे भारतीय उन्हाळ्यात धापा टाकीत राहिले. हस्कीसारख्या बर्फाळ प्रदेशातील कुत्र्यांचेही तेच झाले. बेंगळुरूची हवा त्यातल्या त्यात सौम्य. परंतु तेथे जन्मलेले पिल्लू कलबुर्गीला किंवा सोलापूरला जाते तेव्हा त्याच्यासाठी ऋतू बदलत नाहीत. हौस फिटली की असे कुत्रे निवाऱ्यांच्या दारात किंवा रस्त्यावर सोडले जातात. कारखान्याने धूर बाहेर सोडावा तसा हा बाजार आपला तोटा समाजाच्या अंगणात सोडतो.

याला कायदा नाही असे नाही. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली केंद्र शासनाने २०१७ मध्ये श्वानपैदास व विक्रीविषयीचे नियम केले. प्रत्येक पैदासकाराने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. मादी १८ महिन्यांची होण्यापूर्वी तिच्यापासून पैदास करता कामा नये. वर्षात एकाहून अधिक व आयुष्यात ५ हून अधिक वेते घेऊ नयेत. ८ आठवड्यांपूर्वी पिल्लू विकू नये. नोंदी ठेवाव्यात, मायक्रोचिप बसवावी. हे नियम शुद्ध व संकरित असा भेद करीत नाहीत. शास्त्राच्या दृष्टीने तेच योग्य आहे. परंतु नियम राबविण्यास माणसे लागतात, पशुवैद्यक लागतात, तपासणीची इच्छा लागते. तेथेच सारे अडते, आणि विनानोंदणी विक्री राजरोस चालू राहते.

नियम राबविण्याचे कष्ट टाळून शासन काय करते, याचा नमुना १२ मार्च २०२४ रोजी दिसला. केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने एका परिपत्रकाने रॉटवायलर, पिटबुल, मॅस्टिफ, लांडगासंकर आदी २३ जातींना व त्यांच्या सर्व संकरांना 'हिंस्र' ठरवून त्यांची आयात, पैदास व विक्री रोखण्यास राज्यांना सांगितले, आणि जे घरांत आहेत त्यांचे निर्बीजीकरण करण्यास फर्माविले. त्या यादीत 'टेरियर्स' असा सरसकट उल्लेख होता. पायाशी घुटमळणारे चिमुकले कुत्रेही त्यात आले. बेंगळुरूतील एका श्वानमालकाने व एका श्वानप्रशिक्षकाने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १० एप्रिल २०२४ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने संबंधितांचे म्हणणे न ऐकता काढलेले हे परिपत्रक रद्द ठरविले. योग्य प्रक्रिया करून नवे नियम करण्यास मात्र शासनाला मोकळीक ठेवली. याच शहरात २०१८ साली तत्कालीन बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेने सदनिकेत एक व स्वतंत्र घरात तीन कुत्रे अशी मर्यादा घालून पाहिली होती. ओरड होताच ते उपविधी थंड्या बस्त्यात गेले. दोन्ही वेळी बंधन घालण्यात आले ते पाळणाऱ्यावर किंवा कुत्र्याच्या नावावर. पैदास करून नफा कमावणाऱ्याच्या दारात शासन पोहोचले नाही. आणि ज्या लांडगासंकराला मार्च २०२४ मध्ये हिंस्र म्हटले गेले, तोच बरोबर एका वर्षाने ५० कोटींचे भूषण म्हणून मिरविला गेला!

या लांडगासंकराच्या कौतुकाला एक गंभीर बाजूही आहे. २०२३ साली पुण्याच्या 'द ग्रासलँड्स ट्रस्ट'ने व बेंगळुरूतील 'अत्री' आणि राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र या संस्थांच्या शास्त्रज्ञांनी पुणे परिसरातील माळरानांवर लांडगा व कुत्रा यांच्या संकराचा जनुकीय पुरावा प्रसिद्ध केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने लांडग्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. परंतु माळरानावर वाढलेल्या मोकाट कुत्र्यांशी होणाऱ्या संकराने त्याचा वंशच हळूहळू विरून जाण्याचा धोका आहे. एकाच देशात एक लांडगासंकर अनर्थाची खूण ठरतो आणि दुसरा श्रीमंतीची. फरक प्राण्यात नाही. बाजाराने त्याला दिलेल्या अर्थात आहे.

काहीजण यावर देशी जातींचा उपाय सुचवितात. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ, जेथे घोरपडे घराण्याने राज्य केले, तेथील सडपातळ, चपळ शिकारी कुत्रा महाराष्ट्रात 'कारवान' म्हणून परिचित आहे. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकाच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे संशोधन केंद्र या जातीचे संगोपन करते, २००५ साली या कुत्र्याचे टपाल तिकीट निघाले, लष्करानेही त्याची चाचणी घेतली. हे काम स्तुत्य आहे. परंतु मैदानात वाऱ्याच्या वेगाने धावण्यासाठी घडलेला हा प्राणी स्वदेशीच्या लाटेवर बसवून दोन खोल्यांच्या सदनिकेत कोंडला, तर त्याची दशा हस्कीहून निराळी होणार नाही. बाजार विदेशी नाव सोडून देशी नाव घेईल, एवढेच.

आणखी एक आक्षेप असा की, पोट जाळण्यासाठी चार पिल्ले विकणाऱ्या गरीब माणसावर कायद्याचा बडगा कशाला? हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. नोंदणीचे ओझे लहान माणसावर पडून बडा पैदासकार निसटू नये, म्हणून शुल्क व तपासणी पैदाशीच्या प्रमाणात असावी. त्याचप्रमाणे कुत्र्यावर माया करणाऱ्याला दोष देण्याचेही कारण नाही. एकाकी वृद्धाला किंवा अंध व्यक्तीला कुत्र्याचा जो आधार मिळतो तो खराच आहे. परंतु त्या मायेला माहितीचा हक्क आहे, आणि तो हक्क बाजार तिला नाकारतो.

अखेर या साऱ्याची किंमत कोण मोजतो? महापालिकेच्या २०२३ च्या पाहणीनुसार बेंगळुरूत सुमारे २ लाख ७९ हजार भटके कुत्रे होते. २०१९ मध्ये ही संख्या ३ लाख १० हजार होती. निर्बीजीकरण व लसीकरण चिकाटीने केले तर संख्या उतरते, हे यावरून दिसते. ते काम सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक कर्मचाऱ्यांच्या श्रमातून होते. भटक्या कुत्र्याचा चावा बसतो तो पहाटे झाडू घेऊन निघालेल्या सफाई कामगाराला, रात्रपाळीहून परतणाऱ्याला आणि रस्त्यालगत खेळणाऱ्या मुलाला. रेबीजच्या लशीसाठी रांग लागते ती सरकारी रुग्णालयात. नफा खाजगी आणि नुकसान सार्वजनिक, हा हिशोब येथेही चुकलेला नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. नोंदणी क्रमांकाशिवाय पिल्लाची एकही जाहिरात छापली वा दाखविली जाऊ नये. पिल्लाबरोबर त्याच्या आई-बापांच्या आनुवंशिक तपासणीचे पत्र देणे बंधनकारक व्हावे. न सांभाळता येणारा कुत्रा परत घेण्याची जबाबदारी पैदासकारावर असावी. मोठ्या पैदासकेंद्रांच्या विक्रीवर उपकर बसवून तो निर्बीजीकरण, लसीकरण व निवारे यांसाठीच खर्च व्हावा. तेथे राबणाऱ्या मजुरांना किमान वेतन, लस व अपघात भरपाई मिळावी. आणि राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाला कागदी अस्तित्वाऐवजी निरीक्षक व पशुवैद्यक द्यावेत.

संकराची भीती बाळगण्याचे कारण नाही आणि शुद्धतेचा गर्व करण्याचेही नाही. कुत्र्याच्या अंगात कोणते दोन वंश मिसळले, हे विचारण्याआधी त्याची आई कोठे आहे, कशा स्थितीत आहे आणि तिच्या जिवावर कोणी किती कमावले, हे विचारले पाहिजे. गिऱ्हाइकाने एवढा एकच प्रश्न दुकानाच्या दारात उभे राहून विचारला आणि शासनाने त्याचे उत्तर देणे दुकानदाराला भाग पाडले, तरी या बाजाराची निम्मी झळाळी उतरेल.